लाल चालकान

१२ ऑक्टोबर १९९७
नारीन

लाडूबाईस,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या दादाच्या हातचा आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच केरात टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस तर चार ओळी वाच, मग टाक.

मायना मी बदललेला नाही. या घरात सून म्हणून आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, दोन वेण्यांची आणि महाहट्टी. सासरच्या माणसांची नावं सुनेने घ्यायची नाहीत, म्हणून मी तुला लाडूबाई म्हणायला लागले आणि तू ओ द्यायला लागलीस. आता बोलत नाहीस म्हणून दुसरं नाव कुठून आणू?

कामाचं लिहिते. काल गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या आत घेतल्या. बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता, म्हणजे दोन दिवस उशीरच झाला. घरात आता एकोणीस कुंड्या आहेत. हसू नकोस, हा माझा हावरटपणा नाही. आपली इमारत रिकामी होत चालली आहे. दुसऱ्या मजल्यावरची वेरा पेत्रोव्ना मुलाकडे रशियात गेली, तिचं रबराचं झाड माझ्याकडे. श्मिट मंडळी जर्मनीला गेली, त्यांचं ठिपक्याठिपक्यांच्या पानांचं झुडूप माझ्याकडे. जो जातो तो दारात कुंडी ठेवतो आणि म्हणतो, "रायकान, तुझ्या हाताला गुण आहे." हाताला असेल गुण, पण घराला उन्हाच्या खिडक्या दोनच आहेत.

आणि तुझी लाल चालकान. पुस्तकात तिला कोलियस म्हणतात हे तूच सांगितलं होतंस, पण आईंनी तिची दातेरी पानं पाहिली आणि तिला रानातल्या चालकानचं नाव देऊन टाकलं. रानातली चालकान नुसती घासून गेली तरी अंगाची आग करते. ही आपली गरीब गाय. जुलैत गारा पडल्या, त्यात सहा कुंड्यांतल्या पाच गेल्या. एकच उरली आहे. थंडी नीट पडायच्या आत तिचं काय करायचं ते कळव. तुझी आहे म्हणून विचारते. बाकी काही नाही.

तुझी वहिनी
रायकान

२४ नोव्हेंबर १९९७

लाडूबाईस,

उत्तर आलं नाही. बरं. मी काही डोळे लावून बसले नव्हते. पोस्टात दोनदा गेले ती पेन्शनच्या कागदांसाठी.

गरम पाण्याच्या नळ्या एकदाच्या सुरू झाल्या, पण त्यांना हात लावला तर कळत नाही की त्या आपल्याला ऊब देताहेत की आपण त्यांना. खिडक्यांच्या फटीत कापूस कोंबला, वरून कागद चिकटवला. कुंड्यांखाली जुन्या शिर्डाकच्या लोकरी गालिच्याचे तुकडे घातले, नाहीतर दगडी कट्टा खालून मुळं गारठवतो. पाणी उकळून, कोमट करून, चहाच्या चमच्याने देते. आईंचीच पद्धत. हिवाळ्यात झाड थंडीने कमी मरतं आणि मायेने जास्त, असं त्या म्हणायच्या. तुझ्या दादाला हे कोण सांगणार? परवा मी बाजारात गेले तेवढ्यात त्याने श्मिटांच्या झुडपाला भांडंभर पाणी पाजलं.

"मान टाकली होती गं, तहानलं असेल."

"मान टाकली म्हणजे तहानच का? तुम्हीही दुपारभर मान टाकून झोपता, मी ओतते का डोक्यावर पाणी?"

आता ते झुडूप देठाशी मऊ पडलं आहे. वाचेलसं वाटत नाही. दादा त्याच्या समोरून जाताना तिकडे बघत नाही.

शेजारची रोझा चालकानची फांदी मागायला आली. मी म्हटलं, एकच झाड आहे, तरी शेंडा खुडून देते. घेतला आणि उंबऱ्यातच म्हणाली, "फार फार आभार, रायकान." मी कपाळाला हात लावला. पन्नाशीची बाई, आणि एवढं माहीत नाही की रोपाचे आभार मानले की ते मूळ धरत नाही! आठ दिवसांत देठ काळा पडला. पुन्हा मागायला आली होती. नाही म्हटलं. तुला आठवतं ना, तू कॉलेजात होतीस, बिश्केकचं नाव तेव्हा फ्रुन्झे होतं, तिथल्या बागेतल्या काचघरातून ही फांदी खुडलीस आणि टोपीत लपवून दोलोनच्या घाटावरून घेऊन आलीस. चोरलेलं रोप, त्याबद्दल आभार मानायचे तरी कोणाचे? म्हणून इतकी वर्षं जगली, असं आई म्हणायच्या आणि वर तुझ्या चोरीचं कौतुक करायच्या.

आई गेल्या त्या दिवसाबद्दल एकदा लिहूनच टाकते, म्हणजे तुझ्या मनातून जाईल. दफनापर्यंत आईंना ठेवायचा तंबू घेऊन येणारा ट्रक बर्फात अडकला, म्हणून त्यांना एक दिवस मोठ्या खोलीतच ठेवावं लागलं. खिडक्या सताड उघडल्या, नळ्या बंद केल्या, बाहेर उणे अठ्ठावीस. बायका भिंतीकडे तोंड करून ओळीने बसल्या होत्या आणि नवीन माणूस जिन्यात आलं की शोकाची गाणी म्हणत होत्या. तू बिश्केकहून रडत, हाका मारत जिना चढलीस आणि पाहिलंस तर ओळीत सुनेचीच जागा रिकामी. मी सापडले न्हाणीघरात. कोपरापर्यंत माती, भोवती कुंड्या, आणि आईंची बकरीच्या लोकरीची शाल एका कुंडीवर. तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "माझी आई तिथे गार पडलीय आणि ही इथे पाल्याला पांघरूण घालतेय! सासू जड झाली होती गं तुला, पानं नाही झाली!" पुढे कपडे वाटले तेव्हा ती शाल तुझ्या वाट्याला आली. तू म्हणालीस, मातीची शाल मला नको. वर्षाच्या जेवणाला आलीस, पण माझ्या हातचा चहा घेतला नाहीस.

तर कारण एवढंच की खाली नवा गालिचा होता. कुंड्या गोठून फुटल्या असत्या तर त्यावर सगळा चिखल झाला असता. माणसं येणार होती. दुसरं काही नाही.

रायकान

११ जानेवारी १९९८

लाडूबाई,

आज आईंना जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी कणकेचे बोरसोक तळले, तेलाचा वास त्यांना पोचावा म्हणून. मुल्ला येऊन कुराण वाचून गेले. दादा तुझ्या नावाने चार बोरसोक बाजूला काढून ठेवत होता. तिला कसे पोचणार, असं मी विचारलं तर म्हणाला, "राहू देत गं. ताटात दिसले म्हणजे बरं वाटतं."

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. गालिचा नवा नव्हता. तूही ओळखलं असशील, त्याला कडेला भोक आहे हे तुला माहीत आहे.

आधी इकडचं सांगते. सहा तारखेला तळघरात नळ फुटला आणि सगळ्या इमारतीतल्या नळ्या थंड झाल्या. बाहेर उणे तेहेतीस. रशियाला गेलेल्यांच्या घरातून दादाने लोखंडी शेगडी ओढून आणली, तिचं धुराडं स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलं, आणि आम्ही दोघं तिथेच राहायला गेलो. स्वयंपाकघर केवढं ते तुला माहीत आहे. आम्ही दोघं, पलंग, कोळशाची गोणी. जागा एकाच कुंडीला. दादा मोठ्या खोलीच्या दारात कितीतरी वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "वेराचं झाड घेऊ या गं. वीस वर्षांचं आहे. ती जाताना त्याच्या पानांचा मुका घेऊन रडली होती." खरं होतं त्याचं. चालकान म्हणजे काय, एका उन्हाळ्यात वाढणारं पोरकट झाड, देखणेपणात रबराच्या झाडाच्या पायाशीही उभं राहणार नाही. मी चालकान उचलली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आत गेले तेव्हा रबराची पानं काळी होऊन लोंबत होती आणि हात लावला की काचेसारखा आवाज करत होती. अठरा कुंड्या गेल्या. लोक विश्वासाने ठेवून गेले होते. मला फार वाईट वाटलं, लाडूबाई, मी दारात बसून रडले. आईंसाठी त्या दिवशी रडायचं राहिलं होतं, तेही त्यात आलं.

दादाने विचारलं, "हीच का?" मी त्यालाही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, आणि आता तुला लिहिते. मी आईंना दिलेला शब्द मोडते आहे. त्याचं जे काही असेल ते माझ्या माथ्यावर.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात आम्ही दोघी चालकानच्या फांद्या पाण्यात लावत बसलो होतो. हे झाड थोरलं झालं की थंडीत टिकत नाही, दर वर्षी शेंडा खुडून नवं करावं लागतं. आई कात्री हातात धरून म्हणाल्या, "मी गेले की खिडक्या उघडतील."

"आई, काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरीच नाही. उघडू देत. माझं अंग गारच राहायला हवं. पण तू आधी हिच्याकडे धाव. बाकीची मेली तरी चालतील. पंधरा हिवाळे मी हिला मरू दिलेलं नाही. तुझी लाडूबाई दारातून आत आली की आधी खिडकीत बघते, ही आहे का, आणि मग माझ्याकडे बघून हसते. वर्षातून एकदा येते, कधी तीही नाही. मी गेल्यावर आली आणि खिडकीत काहीच नसलं तर पोरीने कुठे बघायचं?"

मी म्हटलं, तिला पत्र टाकते, लवकर ये म्हणून. तर माझा हात धरला. "नको. मी वाट बघत होते हे तिला कधी सांगू नकोस. कळलं तर पाठीवर ओझं घेऊन येईल. मला तशी आलेली नको." मी शब्द दिला.

आणि ती शाल कुंडीवर मी घातली नव्हती. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी स्वतः खांद्यावरून काढली, कुंडीला गुंडाळली आणि म्हणाल्या, "मला आता ऊब कळत नाही, हिला कळते." मी कुंडी शालीसकट उचलली, एवढंच. न्हाणीघराच्या दारात तू उभी होतीस, बाया मागून माना काढून बघत होत्या, आणि आईंनी बंद केलेलं माझं तोंड मला उघडता येईना. तीन वर्षं मी गप्प राहिले. तुझ्यावर रागही फार आला, तो खोटा नाही. मी तुझ्या वेण्या घातल्या आहेत. तुला गोवर आला तेव्हा उशाशी बसले आहे. तुला एकदा तरी वाटायला हवं होतं की वहिनी अशी नाही.

झालं. लिहून टाकलं. आता शेगडीपाशी चालकान आहे आणि तिच्या डाव्या बाजूची पानं धगीने वाळताहेत. लांब ठेवावी तर गारठते, जवळ ठेवावी तर भाजते. तासातासाला उठून वळवते.

रायकान

१५ फेब्रुवारी १९९८

लाडूबाई,

मागचं पत्र पोचलं की नाही माहीत नाही. घाट आठ दिवस बंद होता. हे पत्र टपालाने नाही, बसवाल्या जोल्दोशच्या हाती पाठवते, आणि सोबत एक बरणी.

नळ अजून दुरुस्त झालेला नाही. सगळी अंडी एका टोपलीत ठेवून बसायचं धाडस मला होत नाही. तुमच्याकडे खाली बिश्केकला थंडी कमी, नळ्याही गरम असतात म्हणे. म्हणून शेंडा खुडला आहे, चार पानांचा. देठ ओल्या शेवाळात, शेवाळ बरणीत, बरणी आईंच्या शालीत. शाल धुतली आहे, माती राहिलेली नाही. तुझ्या वाट्याची आहे, तुझ्याकडेच असू दे.

जोल्दोश म्हणाला, "वहिनी, बाळंतीण सोडायची असली तरी एवढ्या सूचना नसतात." मी त्याला सांगितलं आहे की बरणी पायाशी ठेवायची नाही, खिडकीशी ठेवायची नाही, कोटाच्या आत काखेत धरायची. "आणि गाडी कोणत्या हाताने चालवू?" म्हणून विचारतो. तुझी टोपीतली चोरी त्याला सांगितली तेव्हा कुठे त्याने कोटाचं बटण काढून जागा करून दाखवली.

खुडायच्या आधी कात्री दोनदा खाली ठेवली. झाडाला आता दोनच फांद्या उरल्या आहेत. पण मनात आलं, आईंनी हे तुझ्यासाठी जगवलं होतं, माझ्या खिडकीसाठी नाही.

रोज पाणी बदलून स्वच्छ घाल. उन्हात ठेव, काचेला टेकवू नकोस. मुळं बोटभर झाली की मातीत लाव. आणि सांगायला नकोच, तरी सांगते, आभार मानू नकोस. चिठ्ठी नको, निरोप नको, जोल्दोशपाशीही नको. तीन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस, आणखी थोडे दिवस तशीच राहा. या वेळी ते कामाला येईल. बरणी तेवढी परत पाठव, घट्ट झाकणाच्या बरण्या आता मिळत नाहीत. रिकामी पाठवलीस तरी मी काही मनात आणणार नाही.

रायकान

२३ मार्च १९९८

लाडूबाई,

झाड मेलं. थंडीच्या माथ्यावर खापर फोडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी मारलं.

परवा नवरोज. इतक्या महिन्यांनी ऊन असं पडलं होतं की गॅलरीच्या कडेवरून पाणी गळत होतं. घरभर अर्चाच्या झाडाच्या पाल्याची धुरी फिरवली आणि वर्षाचं साचलेलं बाहेर जावं म्हणून रीतीप्रमाणे खिडक्या उघडल्या. कापूस उपसला, कागद फाडले, सताड उघडल्या. चालकान उन्हात ठेवली. किती दिवसांनी तिची पानं लाल दिसत होती! मग खाली अंगणात गेले. बायकांनी मोड आलेल्या गव्हाच्या सुमोलोकची मोठी कढई चढवली होती, मला पळी धरायला लावलं. गाणी चालली होती. रोझा नाचली. मीही हसले, किती दिवसांनी कोण जाणे. ढवळता ढवळता घाटाकडून वारा सुटला, अंगातला कोट घट्ट केला, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. वर आले तेव्हा पानं ओल्या चिंधीसारखी कुंडीच्या काठावर पडली होती.

तीन वर्षं ज्या खिडकीपायी मी तुझी बोलणी खाल्ली, ती मी स्वतःच्या हाताने उघडली आणि विसरले. दादा म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस?" मुद्दाम नाही केलं. पण आईंना मी काय सांगू?

मूळ खरवडून बघितलं, हिरवं काही नाही. कुंडी तशीच ठेवली आहे. तुझ्याकडे गेलेली फांदी जगली का, हे विचारणार नाही. मीच तुला बोलू नकोस म्हटलं आहे. पण जोल्दोशची बस आली की मी हल्ली थांब्यावरून जाते. भाजी तिकडे चांगली मिळते.

रायकान

१७ मे १९९८

लाडूबाई,

काल जोल्दोश तीन जिने चढून वर आला. धापा टाकत कोटाचं बटण काढू लागला, आणि मे महिन्यात हा कोट घालून का आला हे मला तेव्हा कळलं. आतून एक लोकरीचा लांब मोजा काढला, मोज्यात माझी बरणी.

बरणीत तीन फांद्या आहेत. प्रत्येकीला सहा-सहा पानं, काठाला ती पिवळी रेघ, मधे आईंना आवडायचा तसा काळपट लाल. मुळं पांढरी, दाट, बोटभर.

"काही म्हणाली?" तुझ्या दादाने विचारलं.

"एक शब्द नाही," जोल्दोश म्हणाला. "बसपाशी स्वतः आली. खांद्यावर बकरीच्या लोकरीची शाल, एवढ्या उन्हात. बरणी माझ्या हातात दिली खरी, पण सोडेचना. मी म्हटलं, ताई, गाडी सुटायची आहे."

दादाने मोजा उलटा करून झटकला. आत चिठ्ठी नव्हती. "बघ, तीन वर्षांनी काही पाठवलं, त्यावर एक ओळ नाही. वहिनीचे आभार तरी मानायचे!"

मी म्हटलं, "मानायचे नसतात."

त्याच कुंडीत नवी माती घातली आणि तिन्ही फांद्या लावल्या. मोठ्या खोलीच्या खिडकीत ठेवल्या आहेत, दारातून आत आलं की पहिल्यांदा दिसतील अशा. तू बरणी पाठवलीस त्याबद्दल मला तुला खूप काही लिहायचं होतं, कालपासून दोन कागद फाडले. आता लिहीत नाही. मीही गप्प बसते, लाडूबाई. मूळ धरू दे.

वहिनी